दाराजवळची जागा

मी मुळात काळजीखोर बाई आहे. घराला कुलूप लावून जिना उतरते आणि अर्ध्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघते. नवरा म्हणतो, चोरसुद्धा एवढ्या वेळा ओढत नसतील. त्यामुळे विद्यापीठातल्या आमच्या गटाचा तो नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्याच जातकुळीच्या माणसानं केलेला नियम वाटला.

आमचा गट म्हणजे शाळांमध्ये सगळ्या मुलांना सारखं शिकायला मिळतं का, आणि नसेल मिळत तर कुणाला आणि कशामुळे, याचा अभ्यास करणारी आम्ही मोजकी मंडळी. मॅडम आमच्या प्रमुख. नियम त्यांचाच. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याकडे जायचं, समोर बसायचं आणि लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. शेवटी विचारायचं, "काही काढायचं का?" तो जे सांगेल ते काढायचं. का काढायचं ते विचारायचं नाही. आम्ही याला परत-वाचन म्हणायचो.

परत-वाचनात माणसं काय काढायला सांगतील याचा नेम नसायचा. एका मुख्याध्यापकांनी शाळेच्या गळक्या छपराबद्दल चकार शब्द काढला नाही, पण त्यांच्या कंबरदुखीचा उल्लेख तेवढा काढायला लावला. एका आजीला काढायचं काहीच नव्हतं, उलट तिच्या म्हशीचं कौतुक राहून गेलं म्हणून ती रुसली. बीड जिल्ह्यातली गावं बहुतेक माझ्याकडे असायची. मी घाटनांदूरची, वडलांचं किराणा दुकान, लहानपणापासून गल्ल्याशेजारी बसून माणसांच्या गप्पा ऐकलेल्या. मी तोंड उघडलं की समोरचा सैल व्हायचा. मॅडम म्हणायच्या, तू प्रश्न विचारत नाहीस, उधारी मागायला आल्यासारखी निवांत बसतेस.

मग प्रकल्प संपला, खोलीची किल्ली दुसऱ्या विभागाकडे गेली आणि आम्ही पांगलो. मी बीडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. गटातला एक मित्रही बीडलाच होता. त्यानं कोचिंग क्लास काढला आणि तो भलताच चालला. बाकीचे पुण्यात, कुणी कुठं. व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप होता. त्याचं नाव अजून ‘परत-वाचन’ होतं आणि त्यावर फक्त वाढदिवसाचे केक यायचे.

त्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. त्या निवृत्त झाल्या होत्या, तब्येत नरम होती, आणि त्यांना आमचं सगळं काम मराठीत पुस्तक म्हणून काढायचं होतं. आधीचा अहवाल इंग्रजीत होता. तो विद्यापीठाच्या कपाटात सुरक्षित होता, म्हणजे कुणी वाचत नव्हतं. पण हे पुस्तक बीडच्या दुकानात येणार, प्रकाशनही बीडलाच करायचं मॅडमच्या मनात. म्हणून त्यांनी लिहिलं होतं, ‘पूर्वी वाचून दाखवलं ते आता चालणार नाही. तेव्हाची माणसं बदलली असतील. प्रत्येकानं आपल्या प्रकरणाचं परत-वाचन पुन्हा करावं.’

माझं प्रकरण माजलगावकडच्या एका गावातलं. तिथं दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. बरोबर गेलेली मुलं परत शाळेत येतात तेव्हा वर्ग पुढं निघून गेलेला असतो. त्या शाळेत अशा मुलांना दाराजवळ, खताच्या रिकाम्या पोत्यावर बसवायचे. त्यांना सगळे ‘दारातले’ म्हणायचे. शिक्षक हजेरी घेताना त्यांच्याकडे बघायचे, त्यानंतर बघायचे नाहीत. माझं प्रकरण त्यांतल्या एका मुलीवर होतं. ती पाचवीत होती आणि धाकट्या भावाला काखेला मारून शाळेत यायची. भाऊ तिच्या मांडीवर बसून खडू खायचा. ती एका हातानं त्याच्या तोंडातला खडू काढायची आणि दुसऱ्या हातानं त्याच खडूनं पाटीवर गणित सोडवायची. उत्तर बरोबर असायचं. विचारायचं मात्र कुणी नाही. संस्थेचे अध्यक्ष एकदा फोटोग्राफर घेऊन आले तेव्हा दारातल्यांना मागच्या पटांगणात नेऊन बसवलं. "पटावर पाहिजेत, फोटोत नकोत," असं अध्यक्ष माझ्यासमोर हसत बोलले होते. तेही मी लिहिलं होतं.

तेव्हाचं परत-वाचन मला लख्ख आठवतं. मुलीच्या वडलांना वाचून दाखवायला गेले तर ते म्हणाले, "मला कावून? पोरीवर लिवलंय, पोरीला इचारा." मी पोरीला वाचून दाखवलं. खडूच्या जागी ती इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हणाली, "समदं असंच ऱ्हाऊ द्या."

आता तिला पुन्हा विचारायचं होतं. गावातल्या दुकानदाराकडून नंबर मिळवला आणि फोन केला. तिचा आवाज बदलला होता, पण मी नाव सांगताच "ताई!" म्हणून ओरडली तेव्हा तीच उचकी ऐकू आल्यासारखं वाटलं. ती बी. एड. झाली होती. लग्न झालं होतं. आणि ती त्याच शाळेत शिकवत होती.

मला इतका आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात दोन चकरा मारल्या. मग तिनं पुढचं सांगितलं. ती अजून कायम नव्हती, मानधनावर होती. कायम करायचा प्रस्ताव या उन्हाळ्यात संस्थेकडून जिल्ह्याला जायचा होता. अध्यक्ष तेच. सही त्यांचीच. "औंदा व्हईल असं म्हणायलेत साहेब," ती म्हणाली. मी खुर्चीवर बसले.

कारण गावाचं नाव आम्ही बदललं होतं, नदीचं बदललं होतं, शाळेचं तर नावच ठेवलं नव्हतं. पण खडू खाणारा भाऊ तसाच होता. त्या टापूत असा भाऊ एकच झाला. पुस्तकाचं ते पान कुणी अध्यक्षांसमोर धरलं की त्यांना बोट ठेवून सांगता आलं असतं, ही आपली बाई आणि हा फोटोवाला मी.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आणि खरं सांगायचं तर भीती एक नव्हती. ती "काढून टाका" म्हणाली तर माझं प्रकरण गेलं. मी आयुष्यात जे काही लिहिलं त्यात ते एकच बरं आहे, हे मला माहीत होतं. आणि ती "राहू द्या" म्हणाली तर तिची नोकरी गेली. दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटते, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

कोचिंगवाल्या मित्राकडे गेले. त्याच्या क्लासबाहेर चपलांचा खच आणि आत माइकवरून त्याचाच आवाज. तास संपवून आला, चहा मागवला आणि माझं ऐकून घेतलं.

"तू लई इचार करती," तो म्हणाला. "भाऊ काढून टाक. खडू काढून टाक. कुणाला कळतंय?"

"मग उरतं काय?"

"उरतंय की. दार, पोतं, पट."

"असं दार कुठल्याही शाळेला असतं."

"मंग झालं की. तेच तर पायजे तुला." तो हसला. "न्हाईतर फोनवर वाचून दाखव. मी माझं फोनवरच केलं. त्यो माणूस ट्रॅक्टरवर होता, निम्मं ऐकूच गेलं न्हाई त्याला. हो म्हणला."

मी त्याच्याशी भांडले. मॅडमला सांगेन म्हणाले, शाळकरी पोरीसारखं. तो नुसता हसला आणि आणखी एक चहा सांगितला. पण निघताना दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिला आधी प्रस्तावाचं इचार. प्रकरण मंग." एवढ्यासाठी मी त्याला आजवर सगळं माफ करत आले आहे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. अर्धं तिकीट, खिडकीची जागा, मांडीवर पिशवी, पिशवीत प्रकरण. वडवणी जाईपर्यंत मी ते तीनदा काढलं आणि तीनदा आत ठेवलं. माजलगावच्या बाजूला लागलं की रस्त्याकडेला ऊस दिसायला लागतो. तोड संपत आली होती, रिकाम्या बैलगाड्या आणि सामान लादलेले ट्रॅक्टर परतीला लागले होते. ट्रॉलीत वर गाद्या, भांडी, कोंबड्यांचा डालगा आणि त्यावर बसलेली मुलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ती नाही म्हणू दे. काढा म्हणू दे. लगेच वाटायचं, नको, काढा म्हणू नको देऊस. देवानं माझं ऐकलं असतं तरी त्याला काही समजलं नसतं.

उन्हामुळे शाळा सकाळची होती. मी पोचले तेव्हा तास चालू होता. शिपायानं व्हरांड्यात खुर्ची दिली. तिथून पाचवीचा वर्ग दिसत होता. ती फळ्यापाशी उभी होती, ओढणी खांद्यावरून कमरेला बांधलेली, खडू धरायची ढब तीच. मी नुसती बघत राहिले. माझा ऊर भरून आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग माझं लक्ष दाराकडे गेलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, चार-सहा मुलं खाली बसली होती. बाकीची बाकांवर. खालच्यांच्या खाली पोतं नव्हतं, प्लास्टिकची सतरंजी होती. पण चेहऱ्यावरचा उन्हाचा रापलेपणा तोच, आणि एक मुलगी रस्त्याकडे बघत होती. बाई फळ्यावर गणित घालत होत्या. बाकांवरची बोटं वर होती. दाराकडे कुणी बघत नव्हतं.

मी इतके दिवस अध्यक्षांना घाबरत होते. आता मला तिला वाचून दाखवायचीच भीती वाटायला लागली. जे वाचणार होते ते तिच्या लहानपणाचं राहिलंच नव्हतं. ते आज सकाळचं होतं. उठून निघून जावं, मॅडमना सांगावं भेट झाली नाही, असं अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि वर्ग तसाच सोडून धावत आली.

मधल्या सुट्टीत आम्ही निंबाखाली बसलो. पोरं खिचडीच्या रांगेत होती. मी आधी प्रस्तावाचं विचारलं. "साहेबांच्या टेबलावर हाय," ती म्हणाली. मी अध्यक्षांचा उतारा तिला सांगितला, पुस्तक बीडला विकायला येणार हे सांगितलं, भावामुळे ती ओळखू येईल हेही सांगितलं. ती ऐकत होती. "भाऊ आता कारखान्यावर फिटर हाय," मध्येच म्हणाली, "खडू सोडलाय त्यानं." मग म्हणाली, "वाचा."

मी वाचायला लागले. खडूपाशी आले तेव्हा ती हसली नाही. पोत्यापाशी आले तेव्हा तिनं मान खाली घातली आणि जमिनीवरची निंबाची काडी उचलून दोन बोटांत फिरवत राहिली. मी वाचत असताना माझा आवाज बारीक होत गेला. ‘हजेरीनंतर शिक्षक त्यांच्याकडे बघत नाहीत’ हे वाक्य मी जवळजवळ पुटपुटले.

"मोठ्यानं वाचा ताई," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं खिचडीच्या रांगेकडे बघितलं.

"तुमी बगितलं न्हवं सकाळी?"

"बघितलं."

"मी बसवलं न्हाई त्यांना तितं. आल्या आल्या आपणच तितं जाऊन बसतेत." ती थांबली. "पण मी उठवलं बी न्हाई. एकदा पुढं बसवलं तर बाकीच्यांचे आई-बाप आले हेडसरांकडं. आमच्या पोराला दिसत न्हाई म्हणले, ही दोन महिन्याची पावनी पोरं. हेडसर मला म्हणले, मॅडम, तुमचं कायम व्हायचंय, कावून वाकड्यात शिरता. मी गप बसले. मला भ्या वाटतंय ताई. लई भ्या वाटतंय. मी हितं उभं ऱ्हावं म्हणून आईनं जलमभर उसाच्या मोळ्या बांधल्यात."

मी म्हणाले, "मग काढू या. सगळंच काढू. तू म्हण फक्त." हे मी मनापासून म्हणाले. त्या क्षणी मला प्रकरणाचं काही वाटत नव्हतं, आणि ते वाटत नाहीये याचंच मला हलकं वाटलं.

तिनं काडी टाकून दिली. "तुमचा नेम काय हाय? ज्याच्यावर लिवलं त्याला वाचून दाखवायचं."

"हो."

"मंग मला कावून वाचायलाव? मी आता तितं बसत न्हाई. जे बसतेत त्यांना वाचा."

मला वाटलं ती चिडून बोलते आहे. पण ती उठली होती आणि वर्गाकडे चालायला लागली होती. मी मागून जात होते, तिला थांबवायचे शब्द शोधत होते. आम्ही गटात इतकी वर्षं वाद घातले, लिहिलेलं कुणाचं, हक्क कुणाचा, चहाचे कपच्या कप संपवले. हा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आम्ही माणसांना वाचून दाखवत होतो. त्या जागेवर नंतर कोण येऊन बसलं ते बघायला कुणी परत गेलं नव्हतं.

सुट्टी संपली. पोरं आत आली, दारातली दारात बसली. "ह्या ताई एक गोष्ट वाचून दाखवणार आहेत," ती म्हणाली आणि फळ्याला टेकून उभी राहिली. मी वर्गाच्या मध्ये उभी राहून वाचलं. अध्यक्षांचा उतारा मी गाळणार होते, तर तिनं हातानं खूण केली, वाचा. खडू खाणाऱ्या भावाला पोरं खदाखदा हसली. बाकांवरची जास्त हसली. पोत्याचं आलं तेव्हा दारातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ‘दारातले’ हा शब्द आला आणि वर्ग चिडीचूप झाला. तो शब्द तिथं अजून चालत होता, मला ते तेव्हा समजलं.

मी वाचून संपवलं. नियमाप्रमाणे विचारलं, "काही काढायचं का?"

सकाळी रस्त्याकडे बघत होती ती मुलगी हळूच उभी राहिली. हाताच्या बोटांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते.

"बाई, मंग ती पोरगी पुढं कुठं बसली?"

तिनं माझ्याकडे न बघता बाईंकडे बघून विचारलं होतं. मी डोळ्यांनी बाईंना विनवत होते, नको सांगूस. शहराला गेली म्हण, लग्न झालं म्हण, माहीत नाही म्हण. घरोघरी दुपारच्या भाकरीबरोबर ही गोष्ट जाणार होती आणि संध्याकाळच्या आत साहेबांच्या कानावर. तिलाही ते ठाऊक होतं. तिच्या हातातला खडू मोडलेला मी पाहिला.

"हितं," ती म्हणाली आणि टेबलामागच्या खुर्चीवर हात ठेवला. "ती पोरगी मीच."

मुलगी खाली बसली नाही. ती दारापासून खुर्चीपर्यंतची फरशी बघत होती.

रिक्षापर्यंत ती मला सोडायला आली. मी रिक्षात बसताना तिनं माझा हात धरला. "काई काढू नका," ती म्हणाली. "भाऊ बी ऱ्हाऊ द्या." पुढं एसटीत मॅडमचा फोन आला, काय काढलं म्हणून. मी म्हणाले, काही नाही. त्या खूश झाल्या. मला रडू फुटलं आणि शेजारच्या बाईनं न विचारता खिडकी उघडून दिली.

पुस्तक आता छपाईला गेलं आहे. ग्रुपवर मित्रानं मुखपृष्ठाचा फोटो टाकला, त्यावर सगळ्यांचे अंगठे आले. मी अंगठा दिला नाही. फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की मी आधी खुर्ची ओढते.

परवा तिचा फोन आला. मी उचलला आणि ‘कशी आहेस’ म्हणायच्या आधीच विचारलं, "प्रस्तावाचं काय झालं?"

"ते हाय तितंच हाय, टेबलावर," ती म्हणाली. "त्यासाठी न्हाई केला फोन. ताई, दारात आता कुणी बसत न्हाई, तितं आमी चपला ठेवायलोत."

मागे वर्गाचा कलकलाट ऐकू येत होता, कुणीतरी पाढा म्हणत होतं.

"आणि साहेब?" मी विचारलं.

"काल येऊन गेले. दारात उबारले, चपला बगितल्या," ती म्हणाली. "काईच बोलले न्हाईत."

मग तास होता म्हणून तिनं फोन ठेवला.